लग्नासाठी १९ लिटरच्या केगमध्ये (दाब सहन करणाऱ्या स्टीलच्या बंद टाकीत) लिंबू सोडा करायचाय. रात्रीतून गॅस (कार्बन डायऑक्साइड) मुरेल का? जळगावात पारा ४० च्या वर आहे.

मुरेल, पण केग आधी बर्फात ३ अंशांपर्यंत गार करा. ४० अंशांना त्याच दाबाखाली गॅस साधारण एक तृतीयांशच विरघळतो, मग कितीही हलवा.

सरबत बारीक गाळा, नाहीतर चोथा आतल्या नळीत अडकतो. वर दोन लिटर जागा ठेवा. गॅस खाद्य दर्जाचाच हवा, सिलिंडर उभा. ३० पीएसआय (दाबाचं एकक) दाब लावून झाकणाची झडप तीन-चारदा ओढा. आतली हवा गेली नाही तर दाब दिसतो, फसफस येत नाही. बहुतेकांचं इथंच बिनसतं. मग पाच-सात मिनिटं केग हलवा आणि त्याच दाबावर रात्रभर बर्फात ठेवा.

हलवल्या हलवल्या झडप उघडू नका, चिकट फेस थेट अंगावर येईल. ग्लासात वाढताना दाब १०-१२ पीएसआयवर आणा, सोडा बाहेर काढायची नळी लांब आणि बारीक ठेवा.