एखाद्या श्रद्धेला झुकतं माप द्यावं का?

तुम्ही विचारलंय, की एखादा धर्म किंवा विचारसरणी खरोखरच इतरांपेक्षा सरस असेल, तर तिला झुकतं माप का देऊ नये?

माप कोणाच्या हातात आहे, यावर माझं उत्तर बदलतं. तुमच्या हातात असेल तर खुशाल झुकवा. आपली वाट बरी वाटते म्हणूनच माणूस तिच्यावर चालतो. 'सगळ्या श्रद्धा सारख्याच' हे मला तरी गुळमुळीत बोलणं वाटतं. दोघं एकमेकांच्या उलट सांगत असतील, तर दोघांचंही खरं कसं असेल?

सरकारच्या हातात माप गेलं की मात्र मी नाही म्हणतो. नावडत्या श्रद्धेचे हाल तर सगळ्यांना ठाऊक असतात. १६८५ मध्ये फ्रान्सचा कॅथलिक राजा चौदावा लुई यानं प्रोटेस्टंटांना धर्मपालनाची मोकळीक देणारा नांतचा हुकूमनामा रद्द केला आणि लाखाहून अधिक प्रोटेस्टंटांनी फ्रान्स सोडला. पण आवडतीचेही हाल होतात, ते फारसं कुणी बघत नाही. इंग्लंडचं अधिकृत चर्च घ्या. राजा त्याचा प्रमुख, वरच्या सभागृहात २६ बिशपांना जागा. या चर्चनं १९२७ मध्ये आपलं प्रार्थनापुस्तक सुधारलं. चर्चच्या सभेनं ते मंजूर केलं, पण कायद्यानं संसदेचीही संमती लागत होती. कॉमन्स या खालच्या सभागृहानं ते फेटाळलं. फेरफार करून १९२८ मध्ये पुन्हा आणलं, तर पुन्हा फेटाळलं! मत देणाऱ्यांत त्या चर्चशी संबंध नसलेले खासदारही होते. म्हणजे भक्तांनी देवाशी कोणत्या शब्दांत बोलायचं, हे ठरवताना परक्यांनीही मत दिलं. राजाश्रयाची एवढी किंमत मोजायची माझी तरी तयारी नाही.

यावर हमखास येणारा प्रश्न: मग विज्ञानालाही झुकतं माप नको का? शाळेत काय शिकवायचं हे कुणीतरी ठरवावंच लागतं, हे मान्य. तिथे मी नावाची पाटी बघत नाही. दावा तपासता येतो का, आणि चुकला तर पद न गमावता तसं म्हणता येतं का, एवढंच बघतो. सोव्हिएत संघात कृषितज्ज्ञ लायसेंकोचं, आनुवंशशास्त्र नाकारणारं मतही विज्ञान म्हणूनच मिरवत होतं. १९४८ मध्ये स्टालिनच्या संमतीनं ते अधिकृत झालं आणि आनुवंशशास्त्र शिकवणाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. त्याला विरोध करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ वाव्हिलोव त्याआधीच, १९४३ मध्ये, तुरुंगात वारले होते.