‘डिफरन्शियल लॉक’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न गोव्यातल्या सांग्याहून आला आहे. ट्रॅक्टरची माहितीपुस्तिका मराठीत करताना ‘डिफरन्शियल लॉक’ला ‘विभेदक कुलूप’ लिहावं का? आणि गॅरेजमध्ये ‘डिफरन्शियल लॉक झालं’ म्हणतात, तेव्हा ते लावलेलं असतं की बिघडलेलं?

अर्थाने ‘विभेदक’ चालेल, ‘कुलूप’ नको. कुलूप म्हटलं की चाक अडलं असं वाटतं. इथे चाकं फिरतच असतात, बंद होते ती एकमेकांपासून वेगळं फिरण्याची मुभा.

ही मुभा देणारी गिअरांची जोडणी म्हणजे डिफरन्शियल, आणि मुभा वळणासाठी लागते. दोन चाकांमध्ये १.४ मीटर अंतर असेल, तर काटकोनात वळताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे २.२ मीटर जास्त चालतं, वळण मोठं असो की लहान. इंजिनाचा जोर पिनियन या छोट्या दातेरी चाकावरून क्राऊन व्हील या मोठ्या दातेरी चाकाला येतो. क्राऊनला बोल्टने जोडलेल्या पिंजऱ्यात छोटी स्टार पिनियनं असतात आणि ती दोन्ही बाजूंच्या साइड गिअरांत बसलेली असतात. सरळ रस्त्यावर सगळा पिंजरा एकसंध फिरतो. वळणावर स्टार पिनियनं आपल्या पिनेवरही फिरू लागतात, आणि एका चाकाचे जेवढे फेरे कमी होतात तेवढे दुसऱ्याचे वाढतात. एक अगदी थांबलं तर दुसरं दुप्पट फिरतं.

फेरे वेगळे झाले तरी टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, दोन्हीकडे सारखाच जातो, आणि खोड तिथेच आहे. जांभ्याच्या चिखलात एक चाक १०० न्यूटन-मीटरलाच सटकत असेल, तर कोरड्या खडकावरच्या दुसऱ्यालाही १००च मिळतात, मग ते १००० पेलू शकत असो. लॉक लावलं की पिंजरा आणि एक साइड गिअर दातांनी एकत्र बांधले जातात आणि दोन्ही ॲक्सल एकाच शाफ्टसारखे फिरतात. आता जोर १०० अधिक १०००, म्हणजे ११००. म्हणून अर्थाने सगळ्यात जवळचं क्रियापद ‘जुंपणे’: दोन्ही चाकं एकत्र जुंपली. पुस्तिकेत मात्र ‘डिफरन्शियल लॉक’ हेच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे हा अर्थ एका वाक्यात द्या.

कुळ्याहून दूधसागरला जाणाऱ्या जीपच्या वाटेवर आणखी एक गोंधळ ऐकू येतो. ‘फोर बाय फोर लावलं’ म्हणजे ‘लॉक लावलं’ नव्हे. ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा शाफ्ट जोडते, पण प्रत्येक ॲक्सलचं डिफरन्शियल मोकळंच राहतं. ओहोळात पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक अधांतरी झालं, की तीच दोन गरगरतात आणि गाडी जागची हलत नाही. चाकाला चाक म्हणा की कोकणीत रोद, हिशेब तोच.

कंपन्यांनी नावांत भर घातली आहे. महिंद्राच्या थार जीपमधल्या ‘ब्रेक लॉकिंग डिफरन्शियल’मध्ये दातांनी काही लॉक होत नाही. गरगरणाऱ्या चाकाला ब्रेक लागतो, तो ५०० न्यूटन-मीटरचा असेल तर वरच्या उदाहरणातले १०० धरून त्याच ॲक्सलवरच्या दुसऱ्या चाकाला ६०० मिळतात. ॲक्सिलरेटर स्थिर ठेवायचा, कारण पाय उचलला की फायदा गेला. ‘मेकॅनिकल लॉकिंग’ प्रकारात मात्र खरोखर लॉक होतं, पण आपोआप: दोन चाकांच्या वेगात ठरावीक फरक पडला की ‘खट्’ आवाज येतो. तो बिघाड नव्हे. फोर्स कंपनीच्या गुरखा गाडीत पुढचं आणि मागचं लॉक चालकाच्या हाती असतं. त्याला ‘लॉक लावणे, काढणे’ हीच क्रियापदं शोभतात.

आता ‘लॉक झालं’. हे गॅरेजमध्ये दोन्ही अर्थांनी चालतं, म्हणून लिहिताना टाळा. बिघाडाला ‘जाम’ म्हणा. पाण्यातून जाताना डिफरन्शियलचं तापलेलं हाऊसिंग (बाहेरचं कवच) एकदम थंड होतं आणि ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याची नळी) खराब असेल तर आत पाणी ओढतं. तेल दुधाळ होतं, स्टार पिनियन पिनेवर घासत अखेर धरतं. मग लॉक न लावताही डांबरी वळणावर टायर ओरडतो, कटकट येते. ड्रेन बोल्ट सैल करून तेलाचा रंग पाहिला की निवाडा होतो.

काढलेलं लॉक सुटत नसेल तर तो बहुधा जाम नसतो. ॲक्सल पिळलेले असतात आणि दात एकमेकांवर दाबून धरतात. दोन-चार मीटर सरळ मागे घ्या, स्टिअरिंग किंचित डावं-उजवं करा, पीळ गेला की सुटतं. आडव्या उतारावर लॉक लावताना जपून: मोकळ्या डिफरन्शियलमध्ये एकच चाक सटकतं आणि दुसरं गाडी धरून ठेवतं, जुंपलेली दोन्ही एकदम सटकली की मागची बाजू खाली घसरते.

पॉवर टिलरच्या पुस्तिकेत हा शब्द घुसवू नका. तिथे बहुधा डिफरन्शियलच नसतं. ज्या बाजूला वळायचं, त्या बाजूचा स्टिअरिंग क्लच दाबला की ते चाक सुटतं.

ट्रॅक्टरच्या पेडलाशेजारचा मजकूर असा करता येईल: ‘चाक गरगरत असताना लॉक लावू नका, दात तुटतात. क्लच दाबा, चाकं थांबू द्या, मग पेडल दाबा. बांधाशी वळण्यापूर्वी पाय काढा. लॉक लावलेलं असताना एका बाजूचा ब्रेक दाबू नका.’