बाई, ही आमचीच म्हादई?

प्रश्न : मी गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळेत चौथीला शिकवते. पुस्तकात मांडवी एका परिच्छेदात संपते. मुलं विचारतात, "बाई, ही आमचीच म्हादई?" मी हो म्हणते, पण त्यांना पटत नाही. या नदीचा इतिहास-भूगोल कसा शिकवू?
– एक शिक्षिका, वाळपई परिसर

उत्तर : बाई, त्यांना कसं पटेल? नदी एकच, पण वरच्या अंगाला म्हादई, खाली मांडवी. त्यांची म्हादई गोड्या पाण्याची, दगडगोट्यांतून वाहणारी. पणजीची मांडवी रुंद आणि खारी. कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात देगावजवळ उगम, पणजीपाशी समुद्र, मध्ये ऐंशीएक किलोमीटर, हे फळ्यावर लिहून भागणार नाही.

मी डिचोलीत शिकवत असताना मुलांना मांडवीकाठच्या नार्वे गावाला न्यायचे. तिथून फेरीबोटीने नदी ओलांडली की दिवाडी बेट लागतं, आणि त्या काठावरच्या गावाचं नावही नार्वेच! मुलं हटकून विचारतात, असं कसं? तिथेच इतिहास सुरू करा. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ बेटावर होतं. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते पाडलं आणि देव नदी ओलांडून अलीकडे आला, कारण अलीकडे त्यांचं राज्य नव्हतं. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी इथलं देऊळ नव्याने बांधवलं; तो शिलालेख मुलांना स्वतः शोधू द्या. डिचोली पोर्तुगिजांकडे गेली ती अठराव्या शतकाच्या अखेरीस. तोवर हे पाणी म्हणजे दोन राज्यांमधली सीमा होती. होडीत बसून हे ऐकलेलं पोर विसरत नाही.

भूगोलासाठी दोन बाटल्या घ्या. एक गावच्या नदीवर भरा, दुसरी नार्व्याला. दोन्ही पाणी दोन ताटल्यांत उन्हात ठेवा. एका ताटलीत मीठ उरेल. मग सांगा, भरती थेट वरच्या गांजे गावापर्यंत जाणवते, म्हणून दारात एवढी नदी असूनही पणजीकर तिचं पाणी पीत नाहीत. त्यांच्या नळाला येतं ते ओपा इथल्या पाणीपुरवठा केंद्राचं, खांडेपार नदीचं. दूधसागराचं पाणी घेऊन येणारी ही खांडेपार पुढे मांडवीलाच मिळते.

मात्र पावसाळ्यात आणि त्यानंतर लगेच जाऊ नका. तेव्हा घाटातलं पाणी खारेपणाला समुद्राकडे रेटतं आणि ताटलीत फारसं काही उरत नाही. फेब्रुवारीत जा.