पाच जण मिळून लिहीत असलेल्या काल्पनिक कथेतली कुळं पुढे कशी न्यावीत?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: पाच मित्र मिळून एक अद्भुत कथा लिहिताय, प्रत्येकाकडे एकेक कुळ आहे, निशाण, रंग, स्वभाव, जादू सगळं ठरलंय, पण पंधरा-वीस प्रकरणांनंतर गाडी रुतली आहे. कुळांचा विकास कसा करायचा आणि त्यांचं भविष्य आधीच ठरवून टाकायचं का?

भविष्य ठरवायच्या फंदात पडू नका. त्याआधी ती कुळं नेमकी कशावरून भांडतात ते ठरवा. जादूचं काय ते नंतर बघता येतं.

कॉलेज सुटल्यावर आम्ही सहा जणांनी अशीच एक कथा तीनेक वर्षं चालवली. एका खाडीकाठी मिठागरे, तिखारे आणि उंबरे अशी तीन कुळं, दोघादोघांकडे एक. आमची पहिली चूक तुमच्यासारखीच. तिखारे शूर, उंबरे ज्ञानी, मिठागरे धूर्त. मग शूर माणूस दर प्रकरणात शूरच वागायचा आणि आपलं माणूस मारायला कुणी तयार नाही म्हणून प्रत्येक लढाई बरोबरीत सुटायची. वाचायला आमचा आम्हालाच कंटाळा यायला लागला.

त्याच सुमारास आमच्यातली एक जण जुनी वतनाची, म्हणजे पिढीजात हक्कांची, कागदपत्रं वाचत होती. आपल्याकडे पाटीलकीचा अर्धा हिस्सा विकला, तर जमिनीच्या जोडीला मानपानाचीही वाटणी लिहून काढत. होळीला पोळी आधी कुणाची, पोळ्याला कुणाचे बैल पुढे, विडा पहिला कुणाला. त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालत. तिनं ते आमच्या कथेत आणलं: पावसानंतर खाडीला नवं पाणी येतं, त्या दिवशी पहिली होडी कुणाची? मिठागरे म्हणतात आमची, कारण खाडी आमची. तिखारे म्हणतात आमची, कारण तुमच्या आजोबांना पुरातून आम्ही काढलं. एवढ्याशा गोष्टीवर दीड महिना लिखाण चाललं. त्यात एकही लढाई नव्हती. मिठागऱ्यांचा एक म्हातारा पहाटे जाऊन सोयऱ्यांच्या होडीचा दोर कापतो, एवढंच. पण तो दोर कापताना त्याचा हात थरथरतो, कारण त्याच होडीतून त्याची लेक नांदायला गेली होती. मिठागरे धूर्त असतात हे नंतर कुणाला लिहावं लागलं नाही.

म्हणून प्रत्येक कुळासाठी स्वभावांची यादी फाडून टाका आणि तीन गोष्टी लिहा: त्यांचा मान कोणता, तो त्यांना कुणी दिला असं ते समजतात आणि तो नाकारणारं कोण आहे. चौथी हवी असेल तर सोयरीक. आपल्याकडे अनेक घराण्यांत देवक, म्हणजे कुळाचं पूज्य चिन्ह, एक निघालं की लग्न होत नाही. असा एखादा नियम घातलात की प्रेमकथा आपोआप अवघड होते, वेगळा खलनायक आणावा लागत नाही.

आता अनेक जण लिहितात तेव्हाचा खरा त्रास. एक लिहितो पूल तिखाऱ्यांनी जाळला, दुसरा लिहितो विजेनं जळला. आम्ही आधी अशा चुका दुरुस्त करत बसायचो. नंतर प्रत्येक कुळाला स्वतःचा करीना लिहायला लावला. (नटी नव्हे. वतनाच्या वादात घराणं आपली हकीकत सांगतं तो करीना. जेधे घराण्याचा प्रसिद्ध आहे.) आपलं घराणं आपल्या सोयीनं सांगायचं, दुसऱ्याच्या करीन्याशी जुळवायचं नाही. लेखकांची विसंगती ही कुळांमधली विसंगती झाली आणि पूल कुणी जाळला हेच कथेचं एक रहस्य होऊन बसलं.

तरी निकाल लावायची वेळ येतेच. तेव्हा ज्यांचं कुळ त्या वादात नाही त्यांनी गोतासारखं, म्हणजे वतनाचे तंटे सोडवणाऱ्या जुन्या सभेसारखं, बसून निवाडा द्यायचा आणि तो लिहून ठेवायचा. हा लेखी निवाडा म्हणजे आमचा महजर. गोताचंही एकमत झालं नाही तर फासा टाकायचा. त्याला आम्ही, जुन्या काळी खरंखोटं ठरवायला घेत त्या परीक्षेवरून, दिव्य म्हणायचो. उकळत्या तेलात हात घालण्यापेक्षा बरं.

राहिलं भविष्य. ते वारसाहक्कातून येतं. मराठी आरमार सांभाळणाऱ्या आंग्र्यांचं घराणं बघा. १७२९ साली कान्होजी गेले, १७३३ साली थोरला सेखोजी गेला आणि मागे उरलेल्या भावांत जुंपली. मानाजी पेशव्यांच्या आधारानं अलिबागच्या कुलाब्याला राहिला, संभाजी दक्षिणेला. संभाजीनंतर तुळाजी आला, त्याचं पेशव्यांशी वाकडं आलं आणि १७५६ साली पेशवे आणि इंग्रज एक झाल्यावर विजयदुर्गापाशी ते आरमार जळालं. कान्होजींच्या हयातीत बसून हा शेवट कुणी ठरवला असता का? कर्ता माणूस मारा, वारस दोन-तीन ठेवा आणि त्यांच्यात वाटणी अर्धवट सोडा. पुढचं तुम्हालाच सुचेल.

आणि पिढी बदलली की लेखकही बदला. हे पाळाच. आपण वाढवलेलं कुळ आपल्याकडून बुडवलं जात नाही, नातवाच्या चुका आजी झाकते तसं होतं. माझे मिठागरे तिसऱ्या पिढीत जिच्याकडे गेले तिनं पहिल्याच प्रकरणात सगळी आगरं तिखाऱ्यांकडे गहाण टाकली. आठवडाभर मी ग्रुपवर एक शब्द बोललो नाही. पण पुढचं प्रकरण आलं का ते बघायला दिवसातून वीसदा ग्रुप उघडत होतो.