पुढं जाळी नसलेली शेवरले

प्रश्न: माझे काका १९६७ला शिकायला मिशिगनला गेलेले, त्यांच्या अल्बममध्ये एका छोट्या शेवरलेचा फोटो सापडला, पुढं जाळीच नाही! फोटोमागं 'कॉर्व्हेअर' लिहिलंय. नेटवर वाचलं की ही गाडी उलटायची म्हणून बंद केली. खरंय का? – एक वाचक, सांगली

उत्तर: जाळी नाही कारण पुढं इंजिनच नाही, डिकी आहे. इंजिन मागं, सहा सिलेंडरचं, ॲल्युमिनियमचं, पाण्याची भानगड नाही, हवेवरच थंड होणारं. तेव्हा अमेरिकेत फोक्सवॅगनची बीटल जोरात खपत होती, तिला उत्तर म्हणून फोर्डनं फाल्कन काढली ती नेहमीच्याच पठडीतली, पण शेवरलेच्या एड कोलनी मात्र हा वेगळाच घाट घातला आणि १९५९च्या ऑक्टोबरात गाडी बाजारात आली.

आता उलटण्याचं. सुरुवातीला मागं स्विंग ॲक्सल होता, म्हणजे चाकासकट मधल्या सांध्यावर वरखाली झुलणारा दांडा, त्यामुळं वळण जोरात घेतलं की बाहेरचं मागचं चाक पोटाखाली दुमडायला बघायचं, त्यात वजन सगळं मागं. कंपनीचा उपाय काय, तर पुढच्या टायरात हवा १५ पौंड आणि मागच्यात २६, तसं पुस्तिकेत छापलं की झालं! अहो पण हवा भरताना पुस्तिका उघडतं कोण, चारी चाकांत सारखीच भरली की घोळ. १९६४ला पुढं अँटी-रोल बार, म्हणजे वळणावर गाडीचं कलणं कमी करणारी दांडी, दिला, १९६५ला मागचं सस्पेन्शनच बदललं, आणि गंमत बघा, मोटारींच्या सुरक्षिततेसाठी भांडणाऱ्या राल्फ नेडर या वकिलाचं 'अनसेफ ॲट एनी स्पीड' हे पुस्तक आलं ते त्यानंतर, १९६५च्या नोव्हेंबरात, पहिलंच प्रकरण कॉर्व्हेअरवर. शेवरलेची मालक कंपनी जनरल मोटर्सनं नेडरच्या मागं चक्क खासगी डिटेक्टिव्ह लावले, ते उघडकीला आलं आणि मार्च १९६६मध्ये कंपनीच्या अध्यक्षाला, जेम्स रोशला, सिनेटच्या समितीपुढं माफी मागावी लागली.

१९६५ला दोन लाखांवर बनलेली गाडी पुढच्या वर्षी लाखभरावर आली. पण सगळं खापर नेडरवर फोडू नका, माझ्या मते खरा घास फोर्डच्या मस्टँगनं घेतला, ती १९६४लाच आली होती आणि स्वस्त स्पोर्टी गाडी हवी असणारी तरुण पोरं तिकडं वळली. १४ मे १९६९ला शेवटची कॉर्व्हेअर बनली, त्या वर्षी जेमतेम ६,००० निघाल्या. १९७२ला सरकारी चाचणीचा अहवाल आला की ती तेव्हाच्या इतर गाड्यांपेक्षा जास्त उलटणारी नव्हती, पण तोवर गाडीच उरली नव्हती.

काकांची कुठली ते फोटोवरून कळेल: पक्क्या टपाची असून दाराच्या काचेमागं खांब नसेल तर १९६५ किंवा नंतरची.