मैदानावरचा जुना कपडा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही तिघी मैत्रिणी हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला दोन दिवसांच्या संगीत महोत्सवाला जाणार आहोत. मैदानावरच्या स्टॉलवर ‘विंटेज’ म्हणून जुन्या जीन्स, टी-शर्ट, शर्ट विकायला असतात. खरोखर जुना कपडा कसा ओळखायचा? घालून बघायची सोय नसेल तर माप कसं कळणार?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : मापाची तयारी घरीच करा. तुम्हाला नीट बसणारी एक जीन्स आणि एक शर्ट जमिनीवर सपाट पसरा. शर्टची एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंतची रुंदी, खांदा आणि उंची घ्या. जीन्सची कंबर, मांडी आणि कमरपट्टीपासून दोन्ही पायांच्या जोडापर्यंतचं अंतर घ्या. आकडे लिहून ठेवा आणि शिवणकामाची टेप सोबत न्या. स्टॉलवरचा कपडाही असाच सपाट ठेवून मोजा. लेबलवरच्या आकड्यावर जाऊ नका, जुन्या कपड्यांचा तोच नंबर आजच्यापेक्षा बहुतेक वेळा लहान बसतो. शिवाय जुनं डेनिम निव्वळ सुती असतं, आजच्या जीन्ससारखं ताणत नाही. म्हणून कमरेत इंचभर सैल बघा.

वय ओळखताना एकाच खुणेवर विसंबू नका. लिव्हाइस कंपनीच्या जीन्सच्या मागच्या खिशाला लावलेल्या छोट्या लाल पट्टीवर, कंपनीच्या नावातलं ‘ई’ हे इंग्रजी अक्षर १९७१ पर्यंत मोठ्या लिपीत असे, नंतर ते लहान झालं. पण जुन्या धाटणीच्या नव्या जीन्स काढताना कंपनी स्वतःच पुन्हा मोठं अक्षर वापरते. त्यामुळे आतलं धुण्याच्या सूचनांचं लेबलही बघा. अमेरिकेत ते १९७२ पासून सक्तीचं झालं, म्हणजे तिथल्या कपड्यावर असं लेबल असेल तर तो बहुधा त्यानंतरचा. टी-शर्टच्या बाहीच्या दुमडीवर एकच टीप असेल तर तो बहुधा नव्वदीच्या मध्याआधीचा. आपल्याकडच्या शिंप्याच्या लेबलवर सहा आकडी पिनकोड असेल तर ते १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं, कारण पिनकोडच त्या दिवशी सुरू झाला. जीएसटी क्रमांक दिसला तर २०१७ नंतरचं. या खुणा कपडा किती जुना ‘असू शकत नाही’ एवढंच ठामपणे सांगतात. साधारणपणे वीस वर्षांपुढच्या कपड्याला विंटेज म्हणतात. नुसत्या वापरलेल्या कपड्याला विंटेजचा भाव देऊ नका.

वयापेक्षा महत्त्वाची कापडाची तब्येत. फाटक उघडताच, दिवसाउजेडी कपड्यांकडे वळा. संध्याकाळी रंगीत दिवे लागले की घामाचे पिवळे डाग दिसत नाहीत. काखा, कॉलरची घडी आणि जीन्सच्या मांड्यांची आतली बाजू उजेडाकडे धरा. शिवणीच्या दोन्ही बाजूंना बोटांनी हलका ताण द्या. टाक्यांच्या भोकांशी कापड फाकलं तर ठेवून द्या. तिथे धागा तुटलेला नसतो, कापडच विरलेलं असतं, आणि पुन्हा शिवलं तर टाक्याशेजारी फाटतं. तुटलेलं बटण, उसवलेली दुमड, बिघडलेली चेन हे किरकोळ. रेक्झिनच्या जॅकेटला पापुद्रे सुटले असतील किंवा ते चिकट लागत असेल तर फुकटही घेऊ नका, त्यावर इलाज नाही.

रोख पैसे सोबत ठेवा, गर्दीत मोबाइलचं नेटवर्क बसतं. घासाघीस करायची तर शेवटच्या दिवशी आवराआवर सुरू झाल्यावर. पण तोवर चांगला माल गेलेला असतो.

प्रश्न : अशाच एका स्टॉलवरून जुनी रेशमी साडी घेतली. ‘खरी जर आहे’ असं सांगितलं, पण जर काळवंडली आहे आणि डांबरगोळ्यांचा वास जात नाही. सवाई गंधर्व महोत्सवाला नेसायची आहे.
— एक वाचक, साखर पेठ

उत्तर : जर काळी पडली हे वाईट लक्षण नाही, चांदी काळवंडतेच. आतल्या टोकाच्या दशीतून जरीचा इंचभर धागा काढा आणि सुईने वरचा पत्रा उलगडा. आत रेशमाचा धागा असेल आणि खरवडलेला पत्रा पांढरा दिसला, तर चांदी. तांबूस दिसला तर तांबं. ज्योतीजवळ नेताच आकसून त्याचा मणी झाला तर प्लास्टिकची जर. लिंबू, चिंच, टूथपेस्ट लावू नका, वरचा सोन्याचा मुलामा जातो.

नेसण्याआधी घड्या तपासा, तिथेच रेशीम आधी चिरतं. घडीवर चिरा असतील तर ती साडी मैदानावर तासन्‌तास मांडी घालून बसायच्या उपयोगाची नाही. निऱ्यांवर गुडघ्याचा ताण आला की फाटेल. त्यापेक्षा चांगला काठ-पदर काढून नव्या साडीला लावा.

वासासाठी दोन-तीन दिवस सावलीत वाऱ्यावर पसरून ठेवा. सोलापूरच्या उन्हात अजिबात नको, रंग विटतो. पाण्यात घालण्याआधी ओला पांढरा सुती कपडा आतल्या कोपऱ्यावर मिनिटभर दाबा. रंग उतरला तर घरी धुऊ नका. कसर लागल्याची शंका असेल तर साडी मलमलीत गुंडाळून पिशवीत हवाबंद करा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नका, नाहीतर दव धरून डाग पडतात.

प्रश्न : महोत्सवात घेतलेला जुना कोट कमरेत दीड इंच घट्ट होतो. वाढवता येईल का?
— एक वाचक, होटगी रस्ता

उत्तर : अस्तर थोडं उसवून पाठीच्या मधल्या आणि बाजूच्या शिवणींतली माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड, मोजा. जुने शिंपी ती सढळ हाताने सोडत. सगळी मिळून दोन इंच सुटण्याजोगी असेल तर दीड इंच निघतो, उरलेला अर्धा शिवणीला लागतो. मात्र आत दडलेलं कापड बाहेरच्यापेक्षा गडद निघतं आणि जुन्या टाक्यांची भोकं दिसतात. लोकरीच्या कापडावर ती वाफेच्या इस्त्रीने बरीच मिटतात, टेरीकॉटवर मिटत नाहीत. तुमचा कोट टेरीकॉटचा असेल तर बटणं सरकवून अर्धा-पाऊण इंच मिळवा आणि कोट उघडाच घाला.