हनोईच्या व्याह्यांनी लग्नाला पहाटे ५ ते ७ ही वेळ का दिली? व्हिएतनामी मुहूर्त काढतात तरी कसा?

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, कारण अशा वरातींत मी स्वतः उभी राहिले आहे. तुमच्या भावाचा जन्म १९९५चा, होणारी वहिनी १९९८ची, लग्न आधी हनोईत आणि मग पुण्यात. मुलीकडच्यांनी भावाचं फक्त जन्मवर्ष विचारलं, जन्मवेळ नाही, गाव नाही, आणि चार दिवसांत २९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख कळवली. वर निरोप असा की नवरदेवाने पहाटे ५ ते ७च्या आत दारात पाऊल ठेवायचं. आई म्हणते ही कसली वेळ, आणि तुम्ही विचारता की हे काढतात कसं.

माझं सासर नाम दिन्हचं, राहते हनोईत. सासूबाई भटजी नाहीत, ज्योतिषी तर नाहीतच, पण घरातले निम्मे मुहूर्त त्याच काढतात. तुमची तारीख मी त्यांच्या पद्धतीने मांडून बघितली. मला ती चोख वाटते. कशी ते सांगते.

आपल्याकडे मुहूर्त म्हटलं की आधी आकाश येतं: चंद्र कुठल्या नक्षत्रात, गुरू-शुक्राचा अस्त आहे का, त्या वेळची लग्नरास कुठली. इथे महिना चंद्राचा असला तरी दिवस चांगला की वाईट हे बव्हंशी मोजणीवर ठरतं. वर्ष, महिना, दिवस आणि तास या चारही गोष्टींना बारा प्राण्यांचं एकच चक्र लावलेलं आहे: उंदीर, म्हैस, वाघ, मांजर, ड्रॅगन, साप, घोडा, बोकड, माकड, कोंबडा, कुत्रा, डुक्कर. (चिनी लोकांकडे मांजराच्या जागी ससा असतो. इथे सशाचं नाव काढलंत तर दुरुस्ती होईल.) त्याला दहाचं आणखी एक चक्र जोडलं की साठाची फेरी होते, आपल्या प्रभव-विभव संवत्सरांसारखी, फक्त इथे दिवसांचीही साठाची फेरी अखंड चालू असते. म्हणून त्यांना भावाचं जन्मवर्ष पुरलं. १९९५ म्हणजे डुक्कर, १९९८ म्हणजे वाघ. जन्मवेळ लागते ती कुंडलीला, दिवस बघायला नाही. एक खात्री मात्र करून घ्या: वर्ष बदलतं ते तेतला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला. १९९५चा तेत ३१ जानेवारीला होता. भाऊ त्याआधीचा असेल तर तो डुक्कर नाही, कुत्रा, आणि मग पुढचं सगळं गणित नव्याने मांडावं लागेल.

पहिला सवाल मुलीच्या वयाचा. इथे जन्मतःच एक वर्ष धरतात, म्हणजे २०२६मध्ये तिला २९वं चालू. या वयाला ९ने भागायचं. बाकी १, ३, ६ किंवा ८ उरली तर ते ‘किम लाउ’चं वर्ष, लग्नाला वर्ज्य. २९ला बाकी २ उरते, म्हणजे सुटली. ती १९९७ची असती तर ३०, बाकी ३, अडकली असती. १९९९ची असती तरी अडकली असती. अडकलेल्यांसाठी पळवाटाही आहेत. दक्षिणायन संपतं तो डिसेंबरातला दिवस उलटला की वर्ष सरलं असं मानून काही घरं लग्न उरकतात, तर काही नवरीला दोनदा न्यायला येतात, पहिलं नेणं जणू मोडलं असं समजून. घर बांधताना हाच नियम पुरुषाच्या वयाला लागतो. तिथे तर ‘वय उसनं’ घेतात. वय जुळणाऱ्या एखाद्या नातेवाइकाला कागदोपत्री लुटुपुटुचं घर विकायचं, पहिली कुदळ त्याच्या हातून मारायची, बांधून झालं की परत विकत घ्यायचं. माझ्या चुलत दिरांचं घर असंच उभं राहिलं. भूमिपूजनाला घरधनी स्वतः गल्लीबाहेर जाऊन बसले होते.

आता दिवस. इथे दिवस निवडत नाहीत, नको ते खोडत जातात. सासूबाईंच्या स्वयंपाकघरात रोज एक पान फाडायचं कॅलेंडर आहे, मुठीएवढं जाड. पानावर मोठ्ठी इंग्रजी तारीख, खाली चांद्र तारीख, दिवसाचं नाव, शुभ तासांची ओळ. चष्मा नाकावर ओढून त्या पुढची पानं उलटतात, आणि अंगठा चार बोटांच्या पेरांवरून कडेकडेने गोल फिरतो, एकेका पेरावर एकेक प्राणी. कागद-पेन्सिल लागत नाही.

तुमच्याबाबतीत दहावा चांद्र महिना ९ नोव्हेंबरला सुरू होतो. हे महिने आपल्यासारखेच अमावास्येपाशी बदलतात, फरक इतकाच की अमावास्येचा क्षण ज्या दिवशी येतो तोच त्यांचा पहिला दिवस, आणि तिथीचा क्षय-वृद्धी हा प्रकार नाही. पाहुण्यांसाठी शनिवार-रविवार हवा, हे आता इथेही पक्कं झालंय. त्या महिन्यात असे आठ दिवस येतात. पहिली कात्री दर महिन्याच्या ३, ७, १३, १८, २२, २७ या चांद्र तारखांना. यांना ‘ताम नुओंग’, तीन स्त्रियांचे दिवस म्हणतात. चीनच्या तीन राजघराण्यांना बुडवणाऱ्या तीन सुंदऱ्यांचा संबंध लावतात. राजे बुडाले ते आपल्या कर्माने, पण खापर कुणावर फुटलं बघा. दुसरी कात्री ५, १४, २३ला. म्हणच आहे, की या तीन दिवशी नुसतं भटकायला गेलात तरी तोटा, मग धंद्याला कशाला जाता. एवढ्यात तुमचे १५, २१, २२ नोव्हेंबर आणि ५ डिसेंबर गेले. उरले १४, २८, २९ नोव्हेंबर आणि ६ डिसेंबर.

मग लागते खरी चाळणी. बारा देवतांची एक रांग आहे, त्यातल्या सहा ‘होआंग दाओ’, पिवळ्या वाटेच्या, म्हणजे शुभ. सहा ‘हाक दाओ’, काळ्या वाटेच्या. कुठल्या महिन्यात रांग कुठल्या प्राण्यापासून सुरू करायची हे ठरलेलं. चौथ्या आणि दहाव्या महिन्यात ती घोड्यापासून सुरू होते. ६ डिसेंबरचा प्राणी वाघ, तो काळ्या वाटेवर पडतो, बाद. १४, २८, २९ तिन्ही पिवळ्या वाटेवर. आता यांच्यात बारा ‘चुक’ नावाचं आणखी एक चक्र लावतात, जे सूर्याच्या महिन्यांवर चालतं. २८ला येतो ‘न्गुय’, म्हणजे धोका. लग्नाच्या घरात ते नाव कोण उच्चारेल? १४ला ‘चाप’, मधला, चालवून घेण्यासारखा. २९ला ‘थान्ह’, कार्य सिद्धीला जाणारा, लग्नाला पहिल्या पसंतीचा. दिवसाचं नाव दिन्ह मुई, प्राणी बोकड. बोकडाचं वैर म्हशीशी, आणि तुमच्या जोडीत म्हैस कुणीच नाही. उलट डुक्कर-मांजर-बोकड हे जिवलग त्रिकूट, म्हणजे तुमच्या भावाला हा दिवस मित्राचा. वाघ-घोडा-कुत्रा हे दुसरं त्रिकूट, आणि २०२६ घोड्याचं वर्ष, म्हणजे वहिनीला वर्ष मित्राचं. इतकं जुळलेलं सहसा मिळत नाही, खरंच सांगते.

आणि १४ तारीख तुमच्याच घरात अडली असती. २०२६ची कार्तिकी एकादशी २० नोव्हेंबरला आहे, त्याआधी तुळशीचं लग्न नाही आणि आपलंही नाही. २९ला तो प्रश्नच उरत नाही.

आता ती पहाट. दिवसाचे बारा तास करतात, प्रत्येक दोन तासांचा, म्हणजे बरोबर पाच घटकांचा. उंदराचा तास रात्री ११ला सुरू होतो. देवतांची तीच रांग आता तासांना लावायची. बोकडाच्या दिवशी शुभ तास सहा: पहाटे ३ ते ५ वाघ, ५ ते ७ मांजर, सकाळी ९ ते ११ साप, दुपारी ३ ते ५ माकड, मग संध्याकाळी ७ ते ९ कुत्रा आणि ९ ते ११ डुक्कर. रात्री नवरी न्यायची नाही. सगळ्यांना सोयीचा ९ ते ११, पण तो सापाचा, आणि साप-डुक्कर हाडवैर. तिथे तुमचा भाऊ आडवा येतो. दुपारी ३ ते ५ माकड, त्याचं वैर वाघाशी, तिथे वहिनी अडते. पहाटे ३ला वरात नेण्याइतकं तर कुणी वेडं नाही. उरला मांजराचा तास, आणि तो भावाच्या त्रिकुटातला: डुकराचा नवरदेव, बोकडाचा दिवस, मांजराचा तास. व्याह्यांनी तुम्हाला त्रास द्यायला नाही, लाडाने दिलेली वेळ आहे ही.

कुणी नातेवाईक तुम्हाला घाबरवेल की वाघ-माकड-साप-डुक्कर ही चौकडी एकमेकांच्या मुळावर उठलेली, तर हे स्थळच कसं केलं? चौकडी म्हणून लोक सरसकट धास्तावतात. प्रत्यक्षात वैर समोरासमोरच्यांचं, वाघ-माकड आणि साप-डुक्कर यांचं. वाघ आणि डुक्कर यांची तर जोडी मानतात.

माझा यावर विश्वास किती? पानावर २८ नक्षत्रांतलं एक नावही छापलेलं असतं. ते बघून मला आधी घरचं वाटलं होतं. पण ही २८ नावं आकाशातला चंद्र बघून येत नाहीत, ती नुसती ओळीने फिरतात. २८ म्हणजे चार आठवडे, त्यामुळे प्रत्येक नक्षत्र कायम एकाच वारी. आकाश कधीच मागे पडलंय, राहिलीय मोजणी. ते कळल्यावर मी वाद घालणं सोडलं. मोजणीचा एक फायदा असतो: काका, मामा, आजी कुणीही मांडलं तरी उत्तर बरंचसं सारखं येतं, आणि लग्नघरात त्याची किंमत मोठी.

एक सावधगिरी. मोबाईलवर चिनी चांद्र कॅलेंडरचं ॲप घेऊन पडताळा करू नका. पद्धत एकच, पण अमावास्या आणि सूर्याचे टप्पे व्हिएतनाम आपल्या घड्याळाने मोजतो, चीनच्या एक तास मागे, आणि एखादी घटना मध्यरात्रीच्या आसपास आली की तारीख बदलते. १९८५ला तर महिन्याचा फरक पडला: इथला तेत २१ जानेवारीला, चीनचा २० फेब्रुवारीला. १९६८ला देशातच दोन तेत झाले, उत्तरेने नवं घड्याळ धरलं होतं म्हणून २९ जानेवारीला, दक्षिणेत ३०ला. आपल्या अधिकमासाशीही तुलना नको. सूर्याच्या संक्रमणाविना गेलेला महिना जादा, हे तत्त्व आपलंच, पण ते संक्रमण वेगळ्या बिंदूंपासून मोजतात. म्हणून त्यांचा जादा महिना २०२५मध्ये सहावा होता, आपला अधिक ज्येष्ठ २०२६मध्ये आला.

आता आईंना काय सांगायचं ते. वेळ बदलून मागू नका, ९ ते ११ मागितलीत तर भावाच्याच वाइटावर येईल. विचारायचं ते हे, की ५ ते ७मध्ये नेमकं काय व्हायला हवं. उत्तरेकडे बहुतेक ठिकाणी नवरदेवाच्या मंडळींनी उंबरा ओलांडणं, एवढंच त्या तासात बसवतात. जेवणावळ, फोटो, भाषणं नंतर निवांत. माझ्या धाकट्या दिराच्या लग्नात आम्ही अर्धा तास लवकर पोचलो, तर गल्लीच्या तोंडाशी फोच्या, म्हणजे नूडल्स-रश्श्याच्या, गाड्यावर सगळी वरात बसली, रेशमी आओ झाय (इथला पायघोळ अंगरखा) घालून, गुडघ्याएवढ्या प्लास्टिकच्या स्टुलांवर. मामंजी घड्याळ बघत, नवरदेव रस्सा अंगावर सांडू नये म्हणून पुढे वाकलेला. वेळ झाली तसं त्यांनी नुसती मान हलवली आणि अर्धे वाडगे तसेच टाकून सगळे उठले.

तुमची मंडळी पुण्याहून येणार, म्हणजे मुलाचं घर असं हनोईत नाही. मुलीच्या गल्लीजवळचं हॉटेल घ्या, तेच ‘मुलाचं घर’ धरतात, आणि नवरी तिथे पोचण्याचाही तास दिला आहे का हे आत्ताच विचारून ठेवा. वरात पोचायच्या आधी मुलाच्या आईने विडा-सुपारीचं तबक घेऊन नवरी मागायला जायचं असतं. तेव्हा पहिला मान तुमच्या आईंचा, आणि पहिला गजरही त्यांचाच. सुपारी फुटण्याचा अर्थ त्यांना कुणी शिकवायला नको, पण साखरपुड्याची सुपारी परत मिळेल तेव्हा ती हाताने तोडून दिलेली असेल. चाकू-कात्री लावत नाहीत, आणि आपणही घरी नेऊन अडकित्ता लावायचा नाही.

लग्नपत्रिकेवर इंग्रजी तारखेखाली चांद्र तारीख छापतात. कच्चा नमुना आला की तिथे महिना १०, तारीख २१, वर्ष बिन्ह न्गो असंच आहे ना, ते वहिनींकडून वाचून घ्या.